गजर बंद करायचं बटण कुठे असावं?

रात्री अकराला पहाटे पाचचा गजर लावणारा माणूस आणि पाच वाजता तो बंद करणारा माणूस यांची एकमेकांशी फारशी ओळख नसते. पहिल्याकडे बेत असतात, दुसऱ्याकडे पांघरूण. पहिला मोठ्या विश्वासाने जबाबदारी सोपवून झोपी जातो आणि दुसरा ती अंगठ्याने अर्ध्या सेकंदात निकालात काढतो. माणसाला अंथरुणाबाहेर काढण्यासाठी आजवर जी चमत्कारिक घड्याळं बनली, ती सगळी या दोघांमधला व्यवहार सांभाळायला बनली. गजर किती मोठा वाजतो हा त्यातला दुय्यम भाग. तो बंद करायला कुठे जावं लागतं, तिथे काय करावं लागतं आणि केल्यावर खरंच उठलो याची खात्री कोण करतं, हे खरे प्रश्न.

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. गजराची गाठ पडते ती एका तिसऱ्याच माणसाशी. त्याचे डोळे उघडलेले असतात, हात बरोबर बटणावर जातो, किती वाजले तेही समजतं. फक्त निर्णय घेणारा मेंदू अजून कामावर आलेला नसतो. अभ्यासक या अवस्थेला स्लीप इनर्शिया म्हणतात. जाग आल्यावर मेंदूचे सगळे भाग एकदम सुरू होत नाहीत. मेंदूचा दांडा आणि मेंदूच्या मध्यातला थॅलॅमस हा भाग लवकर जागे होतात, कपाळामागचा, म्हणजे बेत आखणारा आणि मोह आवरणारा भाग मागून येतो. ही गुंगी साधारण १५ ते ३० मिनिटं टिकते, झोप अपुरी असेल तर तासभरही. गाढ झोपेतून उठवलं तर ती जास्त जड असते, आणि शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं त्या वेळेच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या उठण्याच्या दोनतीन तास आधी उठवलं तरीही. रोज सातला उठणाऱ्याने एके दिवशी चारचा गजर लावला तर घड्याळ कितीही चांगलं असलं तरी त्या दिवशी लढाई विषम असते.

म्हणून ‘जाग आली’ आणि ‘उठला’ या दोन वेगळ्या घटना धराव्यात. जुनी घड्याळं पहिलीवर समाधान मानत. १७८७ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये लेव्हाय हचिन्सने बनवलेलं गजराचं घड्याळ फक्त चारला वाजायचं, कारण त्याला चारलाच उठायचं होतं. हवी ती वेळ लावता येईल अशा यांत्रिक गजराचं पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिएने १८४७ मध्ये घेतलं. पुढे घरोघरी आलेल्या, डोक्यावर दोन घंटा आणि मध्ये हातोडी असलेल्या घड्याळातही गजराची स्प्रिंग वेगळी असते; ती सुटली की घंटा वाजतात आणि किल्ली संपली की आपोआप गप्प होतात. थोडी कळ सोसली की घड्याळच हार मानणार, हे झोपणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यात कळतं. त्यातही गजराचा काटा बारा तासांच्या तबकडीवर फिरतो, त्यामुळे पाचदहा मिनिटांचा फरक त्यात गृहीतच धरावा लागतो. १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनने ‘स्नूझ-अलार्म’, म्हणजे बटण दाबलं की काही मिनिटं गप्प राहून पुन्हा वाजणारा गजर, बाजारात आणला आणि घड्याळाने सकाळच्या माणसाशी उघड तह केला. आयफोनमध्येही स्नूझ वर्षानुवर्षं ९ मिनिटांचाच होता. या ९ मिनिटांत कामाची झोप मिळत नाही. फार तर पुन्हा गुंगी चढून उतरते. चुकून गाढ झोप लागलीच तर पुढची जाग आधीपेक्षा वाईट.

गजराची घड्याळं घरोघरी येण्याआधी हे काम माणसं करत, आणि माझ्या मते अधिक चांगलं करत. ब्रिटनच्या गिरणी गावांमध्ये ‘नॉकर-अप’ नावाचे पगारी लोक पहाटे लांब काठीने कामगारांच्या खिडक्यांवर टकटक करत फिरत. कोणी फुंकनळीतून वाटाणे मारत. आतला माणूस खिडकीशी दिसल्याशिवाय चांगला नॉकर-अप पुढे सरकत नसे. इथे बंद करायचं बटण अंथरुणाबाहेर आहे, ते दाबायला दोन पायांवर उभं राहावं लागतं, आणि उठल्याची खात्री दुसरा कोणीतरी करतो. पुढच्या दीडशे वर्षांत शोधकांनी जे जे केलं ते या तीन गोष्टींपैकी एखादी यंत्रात उतरवण्यासाठी. तिन्ही एकत्र क्वचितच साधल्या.

काहींनी सरळ बळाचा मार्ग धरला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ठरल्या वेळी झोपलेल्याला खाली उतरवणारा पलंग मांडला होता. १८८२ मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युअल अ‍ॅपलगेटने पेटंट घेतलं ते डोक्यावर टांगलेल्या चौकटीचं. तिला दोऱ्यांनी बुचाचे किंवा हलक्या लाकडाचे ठोकळे लटकलेले आणि वेळ झाली की चौकट तोंडावर पडणार. ठोकळ्याचं वजन जाग येण्याइतकं, पण इजा न होण्याइतकं असावं, हा त्यातला विचार. कल्पना हास्यास्पद वाटते. पण तिची खरी खोट वेगळीच आहे. एकदा पडलेली चौकट पुन्हा पडत नाही. ती बाजूला सारून झोपता येतं. पलंग उलटवण्यात तर धोकाच आहे. आडव्या स्थितीतून झटकन उभं झालं की रक्तदाब क्षणभर खाली येतो. वयस्कर माणसाला किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला तेवढ्याने भोवळ येऊ शकते.

बळाच्या मार्गातलं एकच यंत्र मला पूर्ण पटतं, ते जपानी रेल्वेचं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीगृहात गादीखाली, पाठीच्या वरच्या भागाखाली येईल अशी हवेची पिशवी ठेवलेली असते. ठरल्या वेळी छोटा पंखा ती फुगवतो, माणसाचं धड वर उचललं जातं, मग पिशवी बसते, पुन्हा फुगते, बंद करेपर्यंत. आवाज जवळजवळ नाही, त्यामुळे त्याच खोलीत तीन तास उशिरा उठायचं असलेला सहकारी झोपून राहतो. पहिली गाडी ज्याच्या भरवशावर सुटायची त्याच्यासाठी बनवलेलं यंत्र असंच असावं. उताणं किंवा कुशीवर, कसंही झोपलं तरी फुगलेल्या पिशवीवर झोप टिकवणं अवघड. उणीव एकच, स्विच हाताशी असतो.

पळणारी घड्याळं ही उणीव भरून काढायला आली. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकताना गौरी नंदाने बनवलेलं ‘क्लॉकी’ टेबलावरून उडी मारतं आणि चाकांवर वेडंवाकडं पळत कुठेतरी दडतं. २००५ चं अर्थशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला मिळणारं गमतीचं बक्षीस, त्याला मिळालं. पहिला नमुना गालिच्याच्या केसाळ तुकड्यात गुंडाळलेला होता. विक्रीला आलं ते मोठ्या चाकांचं गुळगुळीत प्लास्टिक. कल्पना अचूक आहे, कारण बटणाची जागाच दर सकाळी बदलते आणि झोपेतल्या हाताला सवय लागत नाही. पण हे खोलीवर फार अवलंबून. जाड गालिच्यावर चाकं फिरत नाहीत, उंबऱ्याला अडकतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घड्याळ पलंगाखाली मधोमध जाऊन बसतं. मग माणूस अंथरुणातूनच हात घालतो, किंवा गादीतून दबलेला तो आवाज सोसत पडून राहतो. घ्यायचंच असेल तर आधी पलंगाखालची फट फळीने बुजवा. पंखा उडवणारी घड्याळंही मिळतात. उडालेला पंखा शोधून परत खोचल्याशिवाय गजर थांबत नाही. पंखा कपाटामागे गेला की उरतो एकच उपाय, सेल काढणे, आणि सेल काढायला पलंगावरून उठावं लागत नाही. असं कुठलंही घड्याळ विकत घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते पाहावं. स्क्रू नसेल तर ते खेळणं समजावं.

फोनवरच्या अ‍ॅपनी ‘कामगिरी’ ही पद्धत आणली: गणितं सोडवा, फोन हलवा, ठरलेल्या वस्तूचा फोटो काढा, बारकोड वाचा. यातली गणितं मला सर्वांत कुचकामी वाटतात. ती मेंदू जागा करतात, शरीर नाही, आणि काही आठवड्यांत माणूस दोन आकडी गुणाकार पडल्या पडल्या करायला शिकतो. फोन हलवणं तर उशीवर डोकं ठेवूनही होतं. पावलं मोजणाऱ्या कामगिरीलाही हाताच्या झटक्याने फसवता येतं. फोटो आणि बारकोड चांगले, कारण ते जागेला बांधलेले आहेत. फोटोसाठी न्हाणीघराचं बेसिन निवडलं तर मूळ फोटो पहाटे असेल त्याच दिव्याच्या उजेडात काढा. दिवसा खिडकीच्या प्रकाशात काढलेल्या फोटोशी पहाटेचा जुळत नाही आणि अ‍ॅप हट्टाला पेटतं. बारकोड टूथपेस्टच्या ट्यूबचा ठेवू नये. ट्यूब एक दिवस संपते, घरातलं कोणीतरी ती फेकून देतं आणि दुसऱ्या दिवशी गजर बंद करायची चावीच घरात नसते. कोड कागदावर छापून आरशाच्या कोपऱ्यात चिकटवावा.

फोनचा गजर न वाजण्याची कारणं बहुधा साधीच निघतात. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवणारी सेटिंग बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपला पार्श्वभूमीत मारून टाकते. त्या अ‍ॅपला तिथून वगळावं आणि ठरल्या क्षणी गजर वाजवायची वेगळी परवानगी दिली आहे ना ते बघावं. ‘फोर्स स्टॉप’ केलेल्या अ‍ॅपचे लावलेले गजर रद्द होतात, ते पुन्हा उघडेपर्यंत येत नाहीत. फोन बंद पडला तर असं अ‍ॅप काहीच करू शकत नाही. चेहरा ओळखणाऱ्या आयफोनमध्ये अजून एक गंमत आहे. फोनकडे पाहिलं की गजराचा आवाज आपोआप कमी होतो. सौजन्य म्हणून ठीक, पण उठवायला निघालेल्या यंत्राने सौजन्य दाखवू नये. फेस आयडीच्या सेटिंगमध्ये ‘अटेन्शन अवेअर’ बंद करता येतं.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र अंतर. घड्याळ पलंगापासून निदान तीन मीटरवर, दाराच्या बाजूला, दिव्याच्या बटणाजवळ ठेवावं, म्हणजे एक हात गजरावर जाताना दुसरा दिव्यावर जातो. परतीची वाट अंथरुणाकडून जात नसेल तर आणखी उत्तम. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी. म्हणून आवाज लावताना उभं राहून ऐकू नये. पलंगावर आडवं व्हावं, एक कान उशीत, दुसऱ्यावर पांघरूण, पंखा चालू, आणि मग ठरवावं.

हाताने बनवायची आवड असेल तर पायपट्टीचा गजर करून पाहावा. उभं राहिल्याशिवाय न थांबणारा. तयार पट्ट्या मिळतात, पण त्यात बहुधा साधा दाबाचा स्विच असतो. तो पलंगावरून एक पाय खाली सोडूनही दाबला जातो. वजन मोजणारी पट्टी अशी फसत नाही. जुन्या वजनकाट्यातले ५० किलोचे चार लोड सेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर, ३०×३० सेंटिमीटरच्या प्लायच्या चार कोपऱ्यांखाली बसवा, चारही जोडून त्यांचे आकडे वाचणाऱ्या एचएक्स७११ या बोर्डाला द्या, तिथून एखाद्या आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला. वेळेसाठी डीएस३२३१ हे घड्याळाचं चिप घ्यावं. घरातल्या तापमानात ते वर्षाला फार तर मिनिटभर चुकतं; आर्डुइनोच्या स्वतःच्या घड्याळावर भिस्त ठेवली तर काही दिवसांतच मिनिटं हलतात. डीएस३२३१ च्या स्वस्त बोर्डांवर सेल चार्ज करायची सोय असते, आणि लोक त्यात चार्ज न होणारा सीआर२०३२ घालतात. ५ व्होल्टवर तो सेल फुगू शकतो. त्या सोयीतला छोटा रेझिस्टर काढून टाकावा.

प्रोग्रॅम लिहिताना लोड सेलचा शून्य, म्हणजे रिकाम्या पट्टीचा आकडा, रोज सरकतो हे लक्षात ठेवावं. तापमान बदलतं, प्लाय दमट होते, रात्री कोणीतरी पट्टीवर चप्पल ठेवतं. म्हणून गजराच्या एक मिनिट आधी शून्य पुन्हा घ्यावा. वजन स्वतःच्या वजनाच्या ७० टक्क्यांवर गेलं की उभं राहिला असं मानायचं. पलंगाच्या कडेला बसून दोन्ही पाय रेटले तरी बहुतेकांना एवढा भार आणता येत नाही. ३० सेकंद उभं राहायचं, मध्ये उतरलं तर मोजणी तिथेच थांबवायची, शून्यावर न्यायची नाही. शून्यावर नेणारं यंत्र चौथ्या दिवशी कपाटात जातं.

पाण्याची भरलेली बादली पट्टीवर ठेवली तर? तेही ओळखता येतं. उभा माणूस स्थिर नसतो, सतत किंचित डुलतो, त्यामुळे त्याचं वजन आकड्यांत थरथरतं; बादलीचं थरथरत नाही. सेकंदाला १० नोंदी घेतल्या तरी हा फरक दिसतो. पण ही तपासणी घालावी असं मला वाटत नाही. गजराच्या मिनिटभर आधी घेतलेल्या शून्यात रात्रीची बादली तशीही वजा होते, आणि जो रात्रीच बादली भरून ठेवतो त्याचा रात्रीचा माणूसही फितूर झालेला असतो. तिथे यंत्राचं काम संपलं. हे सगळं यंत्र रात्रीच्या माणसाच्या बाजूने उभं राहतं. तोच पलटला तर ते कोणासाठी वाजणार?

अधिक उपयोगी आहे तो दुसरा टप्पा. ३० सेकंदांत गुंगी उतरत नाही. पट्टीवर उभं राहून परत झोपलेले लोक कमी नाहीत. म्हणून गादीखाली, आपल्या बाजूला, खांद्यांच्या खाली येईल असा दाबाचा सेन्सर ठेवावा आणि पुढची २० मिनिटं अंथरुणावर भार आला की गजर पुन्हा सुरू करावा. नॉकर-अपची खिडकीखाली थांबून राहायची सवय ती हीच. पलंगाच्या पायाखाली लोड सेल ठेवायचा मोह टाळावा. पलंगावर दोघं झोपत असतील तर कोण उठलं हे तो सांगू शकत नाही.

विजेचं दुखणं वेगळं. भिंतीतला प्लग ओढला की संपलं, म्हणून आत सेल हवेत. पॉवर बँक यासाठी वाईट, कारण एवढ्या कमी करंटवर बरेच पॉवर बँक स्वतःच बंद होतात. आवाजासाठी छोटा स्पीकर लावला तर गजर सुरू होताच बोर्ड रीसेट होण्याचा प्रकार घडतो. करंट एकदम वाढून व्होल्टेज पडतं. पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की बहुधा थांबतो.

स्पीकर कशासाठी, स्वस्त बझर का नको? बझर २ ते ४ किलोहर्ट्झवर किंचाळतो आणि वय वाढतं तसं हेच उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. धुराच्या अलार्मवर ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात दिसलं की ३१०० हर्ट्झच्या नेहमीच्या टोकदार सुरापेक्षा ५२० हर्ट्झची चौकोनी लहर, म्हणजे गोलाईने नव्हे तर एकदम चढणारी-उतरणारी आवाजाची लहर, झोपलेल्याला जास्त हमखास उठवते. लहान मुलं, वयस्कर, कमी ऐकू येणारे, सगळ्यांनाच. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेने झोपायच्या खोल्यांसाठी तोच स्वर घेतला. चौकोनी लहर आर्डुइनोला फुकटात काढता येते, मग किंचाळणं कशाला? आवाज वाढवत नेण्यात अर्थही नाही. ११३ डेसिबलपर्यंतची घड्याळं विकली जातात. कामाच्या जागी १०० डेसिबल १५ मिनिटांहून जास्त ऐकू नये असा संकेत आहे, ११३ ला ती मुदत मिनिटाच्या आत येते. असलं घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकालाच ठेवावं. ऐकू न येणाऱ्यांसाठी उशीखाली किंवा गादीखाली ठेवायचा थरथरणारा डबा सर्वांत भरवशाचा. आत एका बाजूला वजन असलेली मोटर असते, ती फिरली की डबा हादरतो. जाड फोमच्या गादीखाली तो वाया जातो, तिथे उशीच्या अभ्र्यातच घालावा. जपानी संशोधकांनी तर हवेत वसाबीचा दर्प सोडून झोपलेल्यांना उठवलं होतं आणि २०११ चं रसायनशास्त्राचं इग नोबेल नेलं. आगीच्या वेळी ठीक, रोजच्या सकाळी नको.

इतकं करूनही दर सकाळी पट्टीवर उभं राहणं शिक्षा वाटत असेल, घोरणं मोठं असेल, आठ तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील, तर यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. झोपेत श्वास अडकत असेल तर घड्याळ तो मोकळा करू शकत नाही.

आणि बनवणाऱ्यांसाठी एक राहिलं. हरवता न येणारा गजर बनवताना तो थांबवायची एक वाट ठेवायलाच हवी. ताप आला, पाय मुरगळला, पहाटे तीनला लोड सेलची तार तुटली आणि वजन कायमचं शून्य दाखवायला लागलं, तर बंद होणार कसा? खोक्याच्या आत साधा स्विच ठेवा, झाकणाला दोन स्क्रू, आणि स्क्रू-ड्रायव्हर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात. एकटे राहत असाल तर तो जिन्याखाली किंवा दारासमोर, पायात चपला घातल्याशिवाय जाता येणार नाही अशा जागी. शिवाय प्रोग्रॅममध्ये ४५ मिनिटांनी गजर आपोआप थांबेल असं लिहा. शेजारच्यांनी काही ठरवलेलं नसतं.